हरकत कुणाचीच नव्हती

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सध्या मला बुटाने ढकलून दाराशी लावतात, म्हणजे दार उघडं राहतं. अमेरिकेत, उत्तर मिनेसोटातल्या याच बोअर मारणाऱ्या कंपनीत मी सोळा वर्षं इमानाने राबलो. सहा टेबलांवरचे संगणक मला जोडलेले होते. कुठल्या शेतात, कुठे, किती फुटांवर पाणी लागलं, ते सगळं माझ्या पोटात होतं.

मला इथले संगणक सांभाळणाऱ्या मार्लिस टॉलफसनने जुळवलं. फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम तिने पुस्तकं वाचून, चुकतमाकत माझ्यावर चढवली. नोंदींचा प्रोग्रामही तिचाच. लोक म्हणायचे, "मार्लिसचं खोकं काही वाईट नाही." या भागात याहून मोठी शाबासकी कुणी देत नाही.

मग मालकांचा जावई कर्ट मॅनेजर झाला. त्याला सगळीकडे विकतची नवी सिस्टीम हवी होती. "दोन्ही वापरून बघ आणि लिहून दे," असं त्याने मार्लिसला सांगितलं. तिने महिनाभर बघितलं आणि लिहिलं: टेबलांवर नवी घाला, पण जुन्या नोंदी तिच्यावर उघडत नाहीत, तेव्हा सर्व्हर राहू द्या.

मीटिंगमध्ये कर्टने तो कागद पालथा ठेवला.

"सगळीकडे एकच सिस्टीम. कुणाची हरकत?"

बोअर मारणारा आर्लो सकाळीच मार्लिसला म्हणाला होता, "तुझं बरोबर आहे. मी बोलतो ना!" आता तो मान खाजवत म्हणाला, "मला काय, चालेल."

"वेगळी आहे, पण छानच असेल हं," ऑफिसात फोन घेणारी बेव्ह म्हणाली.

इथे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी बोलेल.

"मार्लिस, तुझी हरकत?"

"नाही. ठीक आहे."

मला तिचाही राग आला.

"मग हा पुसून टाक," कर्ट माझ्याकडे बोट करून म्हणाला. "आणि हो, सर्व्हर नाही म्हटल्यावर तुझं कामही उरत नाही. शुक्रवारी निरोपाचा केक आणू."

"जुन्या नोंदी अजून उघडत नाहीत..."

"होईल ते. पुस."

तिने सगळ्यांकडे बघितलं. सगळे आपापल्या कॉफीत बघत होते. मी पडद्यावर तिला दोनदा विचारलं, नक्की? तिने दोन्ही वेळा होय दाबलं.

शुक्रवारी केकचा शेवटचा तुकडा कुणी घेईना, तो उचलणं म्हणजे हावरटपणा. जो तो त्यातला अर्धा कापून घेई. नखाएवढा उरला, तो कचऱ्यात गेला. आर्लोने मार्लिससाठी गाडीचं दार उघडलं. तेवढं मात्र त्याने केलं.

जानेवारीत आर्लोच्याच आईची बोअर आटली. जुनी नोंद कुठेच नव्हती. अंदाजाने दोन ठिकाणी खोदलं, दोन्ही कोरडी. शेवटी त्याने सगळ्यांसमोर, स्पीकरवर, मार्लिसला फोन लावला.

"आई बर्फ वितळवून पितेय गं. पूर्वी शेतात कुठे पाणी लागलं होतं, आठवतंय का तुला?"



"अरेरे, वाईट झालं हो. बघते हं मी," मार्लिस गोड आवाजात म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती बघणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. "चांगलीच आहे हो ती," बेव्ह म्हणाली. आर्लोने तिसऱ्या खड्ड्यासाठी नळ्या उचलल्या आणि मला लाथेने दाराशी सरकवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. हरकत असेल तर त्याच वेळी, त्याच खोलीत सांगा. माझी होती. पण मला तोंड नाही, तुम्हाला आहे.