आयत्या रंगाचा पत्रा आला तेव्हा

मी स्प्रे गन बोलतेय. पत्र्याच्या कपाटांना रंग देणारी. माझ्या डब्यात रंग भरतात, मागे कॉम्प्रेसरच्या हवेची नळी जोडतात आणि चाप ओढला की माझ्या तोंडून धुक्यासारखा रंग बाहेर पडतो. नावात गन आहे म्हणून मी धीट असेन असं वाटत असेल, तर तसं नाही. माझं बरंचसं आयुष्य जीव मुठीत धरूनच गेलं.

दुकानातून मला दोन भावांनी आणलं. थोरल्याने घासाघीस केली, धाकट्याने मला नुसतं हातात धरून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, हीच घेऊ." त्या हातात गेले ती गेलेच.

दोघांचा कपाटांचा लहानसा कारखाना होता. थोरला पत्रा कापायचा, वाकवायचा आणि वेल्डिंग करायचा. त्याच्या वेल्डिंगची शिवण बघायला शेजारचे कारागीर मुद्दाम येत. थोरल्याची बायको कुलपं आणि मुठी बसवायची. धाकटा भिंतीपलीकडच्या बंद खोलीत माझ्यासोबत रंगकाम करायचा. त्याच्या कानाच्या पाळीलाही रंग लागलेला असे, म्हणून सगळे त्याला रंग्या म्हणत. त्याची बायकोसुद्धा.

आमच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा एकच लहानसा पंखा होता आणि दाराखाली एक फट होती. तिच्यातून वेल्डिंगचा निळा उजेड आत यायचा. इकडे चटकन पेट घेणाऱ्या थिनरचा डबा उघडा, तिकडे ठिणग्यांचा पाऊस. तो उजेड चमकला की मला धडकी भरायची. रंग्याला त्याची सवय झाली होती. नाकाला रुमाल बांधायचा आणि काम सुरू. वहिनी ओरडायच्या, "भाऊजी, चांगला मास्क लावा की." तो हसून म्हणायचा, "वहिनी, मी आतूनबाहेरून रंगलोय. गंजायचा नाही मी."

पण मी त्याच्या मुठीत होते. त्याचा श्वास मला कळायचा. आधी तो दमायचा नाही. मग एक बाजू रंगवली की थांबायला लागला. मग खोकला आला की चाप सुटायचा आणि रंगाचे थेंब उडायचे. तो ते घाईघाईने पुसायचा, कुणी बघू नये म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला तोंड आहे ते रंगापुरतं.

एका दुपारी तो एका खोल कपाटाच्या आत डोकं घालून कोपरे रंगवत होता. अचानक त्याची मूठ सैल झाली. मी खाली पडले, चाप कपाटाच्या दाराजवळच्या हुकात अडकला आणि माझ्यातून रंग उडतच राहिला, जमिनीवर, भिंतीवर, त्याच्या पायांवर. तो कपाटात अर्धा आत, अर्धा बाहेर पडला होता. फटीतून निळा उजेड चमकत होता. मला थांबता येईना. त्या क्षणी मी जितकी भ्याले तितकी पुन्हा कधी भ्याले नाही.

मग उजेड विझला आणि दार उघडलं. थोरल्याने आधी भावाच्या काखेत हात घालून त्याला अंगणात ओढलं, मग येऊन माझी हवा बंद केली.

डॉक्टरांनी रंगकाम सोडायला सांगितलं. परत आल्यावर रंग्या म्हणाला, "सोडून काय करू? दुसरं काय येतं मला?" चार दिवसांनी रंग्या पुन्हा मला धुऊन कामाला बसला.

आणि मग एका सकाळी टेम्पोतून एक भलंमोठं भेंडोळं उतरलं. पत्र्याचं, पण रंगवलेल्या पत्र्याचं. पत्र्याच्या मोठ्या कारखान्यातूनच गुळगुळीत रंग चढवून आलेला, वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. ना थेंब, ना ओघळ. रंग्याने त्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या हातात मी होते. तो हात गार पडला.

"दादा, हे काय आहे?"

"आयत्या रंगाचा पत्रा. आता यानेच कपाटं करायची."

"म्हणजे माझं काम संपलं. मला आधी सांगायचं तरी. परक्यासारखं टेम्पोवाल्याकडून कळावं का?"

थोरला खाली बसला. "सांगणार होतो. रोज ठरवायचो आणि रोज तोंड आवळायचो. तू नाही म्हणाला असतास."

"मग मला घरी बसवतोस?"

"तुझ्या खोलीतला कॉम्प्रेसर गप्प झाला ना, की माझ्या छातीत धस्स होतं. काम टाकून भिंतीला कान लावतो. तू खोकलास की बरं वाटतं मला, जिवंत आहेस म्हणून. असं किती दिवस ऐकत राहू?" थोरल्याने भेंडोळ्यावर हात ठेवला. "आणि घरी बसतोयस कसला. वेल्डिंग केलं की हा रंग जळतो. तेव्हा माझंही वेल्डिंग बंद. पत्र्याला घड्या घालायच्या, रिव्हेट मारून जोडायचं. तुझं येतं ते गेलं, माझं येतं तेही गेलं. आता दोघं मिळून नव्याने शिकू."

रंग्याने भावाच्या हातांकडे पाहिलं. मग त्याने मला खिळ्याला टांगलं.

दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं मला दिसत होतं. पहिलं कपाट वाया गेलं. घडी फार आवळली म्हणून रंगाला तडे गेले. दुसऱ्याला घडी घालायच्या मशीनचे ओरखडे पडले. रंग्या ओरखड्यांना इतका घाबरायचा की पत्रा उचलताना श्वास रोखायचा. मग वहिनींनी जुन्या घोंगडीच्या पट्ट्या कापून मशीनमध्ये पत्रा टेकतो तिथे चिकटवल्या. तिसरं कपाट नीट झालं. रंग्याने वरचा पापुद्रा सोलला, तेव्हा तिघंही बघत उभे राहिले. रंग्याचा खोकला पुरता गेला नाही, पण आता तो दारापर्यंत चालत येतो तेव्हा मला आधी पावलं ऐकू येतात, श्वास नाही.

मला आनंद झाला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. माझं काय? माझ्या तोंडातल्या, रंगाची वाट उघडणाऱ्या सुईवर जुना रंग सुकून बसला. बाहेर भंगारवाल्याची हाक आली की मी शहारायचे.

परवा एक खुर्च्या दुरुस्त करणारा आला. म्हणाला, "तुमची गन पडूनच आहे ना? मला द्या."

रंग्याने मला खिळ्यावरून काढलं. "रंग कुठे देणार?"

"घरातच. मागची खोली आहे."

"खिडकी?"

"आहे, पण बंद ठेवतो. ओल्या रंगावर धूळ बसते."

"खोलीत झोपतं कोण?"

"आम्हीच. मी, बायको, तान्ही पोर."

रंग्याने मला परत टांगलं नाही, खुर्चीवाल्याच्या हातीही दिलं नाही. म्हणाला, "घरी जा. आम्ही घेऊन येतो." तो गेल्यावर रंग्याने थोरल्याला हाक मारली, "दादा, रंगाच्या खोलीतला पंखा उतरव. तोही द्यायचाय. आणि तो बसवायला तिथे भिंत कुठून फोडता येते ते आपणच बघून येऊ."

आत्ता मी टेम्पोत आहे, फडक्यात गुंडाळलेली. शेजारी पंखा खडखडतोय, पुढे दोघं भाऊ बसलेत. रंग्याने माझी सुई काढून खिशात ठेवली आहे. म्हणाला, खोली पटली तरच देईन. सुईशिवाय मी मुकी आहे, आणि आज प्रथमच मला मुकं असण्याचा आधार वाटतोय.

तरी भीती आहेच. तान्ह्या मुलीचा श्वास केवढा असेल, याचाच विचार करतेय. माझ्यासारखी कुणी तुमच्या हाती आली, तर एवढंच करा. चाप ओढण्याआधी आजूबाजूला कोण श्वास घेतंय ते बघा.

टेम्पो थांबला. रंग्या उतरून दार ठोठावतोय.