सगुणेच्या बारा महिन्यांचे बाड

मित्रांनो, मला उघडायचे असेल तर आधी नाकाला रुमाल लावा आणि मगच पान उलटा. मी एक जुने बाड आहे, वरच्या अंगाला दोऱ्याने शिवलेले, अंगाने लांबट आणि स्वभावाने थोडे तिरके. एका म्हाताऱ्या कागद्याने गोणपाटाच्या चिंध्या कुजवून, कुटून माझी पाने केली आणि ती घोटून इतकी गुळगुळीत केली की माशी बसली तर घसरायची. एका माशीचा त्यात पाय मोडला. खोटे वाटत असेल तर माशीला विचारा.

भातकुलीजवळच्या एका गावात नत्थुजी नावाचे शाहीर होते. त्यांनी मला घेतले, दुलईच्या तुकड्यात गुंडाळले आणि काखेत मारले. नत्थुजींची खडी गंमत सगळ्या वऱ्हाडात नावाजलेली होती. डफ, ढोलकी, तुणतुणे घेऊन उभ्यानेच गायचे, नाचायचे आणि त्यातच सगळा खेळ रंगवायचा. बायकांची सोंगे पुरुषच घेत. आमच्या सगळ्या खेळांत नाव झाले ते 'सगुणेच्या खेळा'चे. सगुणेचा नवरा बैलांवर कापूस लादून लमाणांच्या तांड्याबरोबर दूर मिर्झापूरला विकायला जातो. सगुणा त्याची वाट पाहते. एकेका महिन्याचे एकेक कडवे, अशी बारा कडवी. बाराव्या महिन्यात तांडा परत येतो, नवरा येत नाही, आणि खेळ तिथेच संपतो.

पहिले कडवे असे होते:

कार्तिकाच्या महिन्यामंदी लादला कापूस बैलावरी,
मिर्झापूरची वाट लांब, दिवा जळे माझ्या घरी.

आता एक गोष्ट सांगतो, ती तेव्हा मला, नत्थुजींना आणि आणखी एका बाईलाच माहीत होती. ही कडवी नत्थुजींची नव्हती. भिंतीला भिंत लागून मनकर्णाबाईंचे घर होते. त्यांचा नवरा चंद्रभान असाच एका कार्तिकात तांड्याबरोबर गेला. पुढच्या कार्तिकात तांडा आला. लमाण म्हणाले, वाटेत ताप भरला म्हणून त्याला एका धर्मशाळेत ठेवले होते. परतताना पाहिले तर धर्मशाळेत कोणी नव्हते. मेला असे कोणी सांगितले नाही, जिवंत आहे असेही कोणी सांगितले नाही. मनकर्णाबाई जात्यावर बसल्या की महिन्या-महिन्याचे गाणे आपसूक ओठांवर यायचे. भिंतीपलीकडे नत्थुजी बोरू घेऊन माझ्या पानांवर ते उतरवत.

एक दिवस त्यांनी जाऊन मोकळेपणी मागितले. म्हणाले, वयनी, हे गाणे मला खेळात घेऊ द्या. बाईंनी जाते थांबवले नाही. तशाच म्हणाल्या, "घ्या नत्थुभाऊ. पन जासान थ्या गावात गा. कोन्या ना कोन्या गावात थो आयकन, अन् त्याले समजन का घरी कोनी बसलं हाय."

असा मी फिरू लागलो. आकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर. गाणे म्हणजे निरोपच होता, फक्त पत्ता नसलेला. आणि दरवर्षी गावात खेळ झाला की मनकर्णाबाई पुढच्या रांगेत येऊन बसत.

मग सातासमुद्रापार कुठल्याशा देशात भाऊ-भाऊ लढले, त्यांचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचे मोल आले. मित्रांनो, ते दिवस तुम्ही पाहायला हवे होते! लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला. म्हातारे कानातले बोळे काढून बाजाराला निघाले. एका पाटलाने बैलांची शिंगे चांदीने मढवली, तर बैल म्हणाले, आता आम्ही गाडीत बसतो, तुम्ही ओढा. माझ्या दुलईतली रुईसुद्धा कोणीतरी काढून नेली आणि त्या हिवाळ्यात मी नुसत्या अस्तरात कुडकुडलो.

लोकांच्या हाती पैसा आला तसे त्यांना खेळातले जुने शब्द टोचू लागले. अकोल्याचे शेषराव नावाचे एक हौशी गृहस्थ होते, कापसाच्या दलालीत वर आलेले. आमचा खेळ जिथे असेल तिथे दमणी जुंपून यायचे. त्यांचे म्हणणे असे की आता मिर्झापूरला जातो कोण? माल खामगावला जातो, तिथून मुंबईच्या बंदराला. आणि सगुणा फाटक्या लुगड्यात का? या सुगीत वऱ्हाडातली बाई फाटके नेसली तर आपल्या सगळ्यांची अब्रू गेली.

त्यांना तोंड द्यायला खुशालराव होते. हे आमच्याच गावचे शेतकरी. सगुणेचा खेळ त्यांनी सतरा वेळा पाहिला होता आणि गाणारा चुकला की ते खालूनच ओरडून दुरुस्त करायचे. त्यांचे म्हणणे, गाण्यातला एक काना इकडचा तिकडे झाला तर आपण खेळाला येणार नाही. असे म्हणून ते अठराव्यांदा यायचे. खेळ संपला की दोघांच्या बाजूचे लोक पारावर बसून भांडायचे. सगुणेचे लुगडे हिरवे असावे की जांभळे, यावर दोन सोयऱ्यांनी तीन महिने अबोला धरलेला मी पाहिला आहे.

बिचारे नत्थुजी. त्यांना सगळ्यांचेच पटायचे. आमच्या काळी लिहिलेले खोडायचे तर त्यावर पिवळा हरताळ फासत. तो वाळला की वरून नवे अक्षर लिहायचे. नत्थुजींनी एका वर्षी माझी सहा पाने पिवळी केली. सगुणेचा नवरा आता बैलगाडीने खामगावला आणि तिथून मुंबईला जाऊ लागला, म्हणून बारा महिन्यांचे सहा महिने झाले. सगुणेला पैठणी मिळाली. शेषराव खूश झाले. मनकर्णाबाई त्याही वर्षी पुढच्या रांगेत येऊन बसल्या. उरलेल्या सहा कडव्यांत त्यांचा माणूस अजून परतलेला नव्हता.

त्यानंतर आगगाडी आली. बडनेऱ्याला टेसन झाले. शेषराव तिच्यात बसून आले आणि महिनाभर दुसरे काही बोललेच नाहीत. त्या कार्तिकात कापसाची पहिली वेचणी होती. बायकांनी शेतात सीतादही केली, म्हणजे कपाशीच्या झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि दुपारी गावात आमचा खेळ ठरला. सकाळीच शेषरावांनी नत्थुजींना गाठले.

"शाहीर, परवा गेलेला मानूस आज वापस येऊन राहिला. तुमची सगुना सहा महिने काहून रडते? लोकं हासतीन."

खुशालराव बाजूलाच होते. ते म्हणाले, रडणे गाडीच्या वेगावर असते का? यावर शेषराव म्हणाले की तुम्ही एकदा तरी गाडीत बसा, मग बोला. खुशालराव गाडीत बसले नव्हते, त्यामुळे त्यांना गप्प बसावे लागले. वाद असे हरले जातात.

नत्थुजींनी हरताळाची वाटी काढली. मी सांगतो तुम्हाला, त्या दिवशी त्यांचा हात एकदा थांबला. भिंतीपलीकडच्या घराकडे त्यांनी पाहिले. जाऊन विचारायला वीस पावलेही नव्हती. पण ढोलकी ताणून झाली होती, माणसे जमू लागली होती. बारा महिन्यांपैकी उरलेली सगळी पाने पिवळी झाली आणि त्यांवर एकच कडवे आले:

आगगाडीनं गेला राया, तिसऱ्या दिशी आला घरी,
टेसनावर उतरला बाई, सगुणा नाचे दारावरी.

सगुणेचे सोंग सूर्यभान घ्यायचा. त्याने हे कडवे गाडीसारखे फुसफुस करत, गरागरा फिरत म्हटले. लोकांनी फेटे उडवले. पुन्हा म्हणायला लावले, पुन्हा फेटे उडवले. खुशालराव हसू दाबता दाबता खोकले.

खेळ मोडल्यावर मनकर्णाबाई नत्थुजींपाशी आल्या. त्यांनी एवढेच विचारले, कोणत्या टेसनावर उतरला? नत्थुजी फेटा सोडत होते. लक्ष न देताच म्हणाले, बडनेऱ्याला, आणखी कुठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घराला कडी होती. शेजारणीने सांगितले की बाई भाकरी बांधून पहाटेच बडनेऱ्याच्या वाटेने गेल्या. दिवस मावळला तरी आल्या नाहीत. तेव्हा नत्थुजींना काय झाले ते कळले आणि त्यांनी खुशालरावांना सगळे सांगितले, गाणे कोणाचे ते. तोवर शेषरावही गावातच होते. ऐकून त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. उजाडताच त्यांच्याच दमणीत तिघे निघाले. नत्थुजींच्या काखेत मी होतो. वाटभर पहिल्यांदाच कोणी भांडले नाही. मला ती शांतता चांगली वाटली नाही.

टेसनावर मनकर्णाबाई एका कडेला बसल्या होत्या, मांडीवर शिदोरी. तिची गाठही सुटली नव्हती. गाडी नुकतीच येऊन गेली होती. उतरलेली माणसे जात होती आणि बाई त्यांच्या तोंडांकडे नाही, पायांकडे बघत होत्या. नत्थुजी जवळ जाऊन उकिडवे बसले.

"वयनी, घरी चाला. थे गानं होतं."

"मले माहीत हाय गानं होतं," बाई म्हणाल्या. "पाय पाहून राहिली. तोंड बदललं असन इतक्या वर्सात, चाल त नाई बदलत."

"थो आला नाई, वयनी. म्या मनानं लिवलं."

"लिवलं ना? आता तुमी गावोगाव सांगसान का थो बडनेऱ्याले उतरला. अन् खराच उतरला अन् टेसनावर त्याचं कोनीच नसलं, त थो वापस नाई जाइन का?"

मग खुशालराव पुढे झाले. त्यांनी सांगितले की शाहीर आजच्या आज जुनी बारा कडवी पुन्हा लिहितील, आपण इतक्या वेळा पाहिला आहे खेळ, आपल्याला सगळे पाठ आहे. नत्थुजींनी मला उघडले आणि माझ्या पिवळ्या पानांवर ऊन पडले. हरताळ खालचे अक्षर परत देत नाही. खुशालरावांनी कार्तिक म्हटला, मार्गशीर्ष म्हटला, पौषात अडखळले. जे पाठ आहे असे त्यांना वाटत होते त्यातले बरेचसे दुसऱ्याच खेळातल्या लावणीतले निघाले. नत्थुजी चैत्रापर्यंत पोचले. शेषरावांना, आश्चर्य म्हणजे, आषाढाची एक ओळ आठवत होती. मग तिघांनी मनकर्णाबाईंकडे पाहिले.

"मले कुठून आठवन?" त्या म्हणाल्या. "जातं दयता दयता निंगालं, थे तुमाले देल्लं. मंग मी बी तुमच्याकडूनच आयकाले येत होती."

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. बाईने सगळे माझ्यावर सोपवले होते, जपून ठेवायचे सोडून मी पिवळा होऊन बसलो होतो. कागदाला ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी फार लागले.

उन्हे कलल्यावर दुसऱ्या बाजूची गाडी आली. बाई उभ्या राहिल्या, म्हणून तिघेही उभे राहिले. माणसे उतरली. कोणी गाठोडे घेऊन, कोणी कोंबडी घेऊन. बाईंनी शेवटच्या पायापर्यंत पाहिले. गाडी गेली आणि रूळ मोकळे झाले. तेव्हा त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या.

"पह्यले थो वर्सातून येकदा येत नव्हता. आता दिसातून दोनदा येत नाई."

नत्थुजींनी बोरू काढला. टेसनाच्या पायरीवर बसून, माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी तेवढेच लिहिले. जन्मभर यमक जुळवलेल्या माणसाने यमकही जुळवले नाही. शेषरावांनी वाचून पाहिले आणि मान खाली घातली. खुशालरावांनी एकही काना दुरुस्त केला नाही.

"लिवलं?" बाईंनी विचारले.

"लिवलं, वयनी. हेच गाइन. जाइन थ्या गावात."

"मंग चाला," त्या म्हणाल्या, आणि शिदोरी सोडून तिघांच्या हातांवर अर्धी-अर्धी भाकर ठेवली, उरलेली अर्धी स्वतः घेतली.

त्यानंतर नत्थुजी होते तोवर सगुणेच्या खेळात गाडी आली, गेली, आणि सूर्यभान फुसफुस न करता ती एक ओळ म्हणायचा. पारावरची भांडणे चालूच राहिली, लुगड्याच्या रंगावरून, पैठणीवरून. त्या ओळीवरून मात्र कोणी भांडले नाही. पुढे नत्थुजी गेले, मनकर्णाबाई गेल्या, फड मोडला. मी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जात राहिलो.

मित्रांनो, तुम्हीही जुनी गाणी बदलाल. जरूर बदला. काळ बदलतो, गाड्या बदलतात. फक्त हरताळ कालवण्याआधी वीस पावले चालून जा आणि गाणे कोणाचे आहे ते विचारून या.

आणि माझे एक काम करा. हरताळ विषारी असतो, म्हणून माझ्या पिवळ्या पानांना कसर शिवत नाही. आगगाडीचे ते फुसफुसणारे कडवे अजून ठणठणीत आहे. पण शेवटच्या पानावर हरताळ कधी लागलाच नाही. कसर गेल्या पावसाळ्यापासून तिथे पोचली आहे आणि रोज थोडे थोडे खाते आहे. त्या ओळीतले 'दोनदा' अजून वाचता येते. तेवढी एक ओळ कोणीतरी उतरवून घ्या. जशी आहे तशीच, आणि जाल त्या गावात म्हणा.