दुसऱ्या बटणातली चिठ्ठी

मित्रांनो, मी कोळशावर तापणारी एक जुनी इस्त्री आहे. पोटात निखारे, वर झाकण, झाकणाला खिट्टी आणि धरायला लाकडी मूठ. माझं वजन विचारू नका. मला पहिल्यांदा उचलणारा माणूस आधी "बाप रे" म्हणतो आणि मग दुसरा हात लावतो.

लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी आमच्या इस्त्रीवाल्या काकूंच्या सासूबाईंकडे आले. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा माझी मूठ काकूंच्या हातात आली. आमचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, पाण्याचा तांब्या आणि कपड्यांचे गठ्ठे. काकू इस्त्री करायच्या, काका सायकलवरून घरोघर कपडे पोचवायचे. "काकू, या घडीनं भाजी चिरता येईल," असं गिऱ्हाईक म्हणायचं. कौतुक काकूंचं व्हायचं, पण त्यातला अर्धा वाटा मी गुपचूप उचलायचे.

एक गोष्ट मात्र मला खात असे. एकदा माझं झाकण निसटलं आणि निखारा काकूंच्या मनगटावर पडला. तेव्हा गल्लीतल्या नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी दोन आठवडे रोज पट्टी बदलली. हात बरा झाला, धंदाही वाचला. त्यामुळे सिस्टरांचा पांढरा युनिफॉर्म आला की मी जीव ओतून चालायचे.

त्या सिस्टर एका सोमवारी आल्या, त्या पडलेल्या चेहऱ्यानंच.

"काकू, आता हा युनिफॉर्म किती दिवस लागेल कोण जाणे. दवाखाना बंद करतायत. तिथं गाड्या लावायची जागा होणार."

"असं कसं? कुणी काही बोललं नाही ते?"

"बोलणार कोण? नोटीस लावलीये नगरपालिकेत, कपाटाच्या मागच्या भिंतीवर. हरकत असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंत लेखी द्यायची. आजपर्यंत तीन अर्ज आलेत. त्यातला एक माझा."

काकूंनी मला उभं करून ठेवलं. त्या विचार करतात तेव्हा हात थांबतात.

"सिस्टर, माझ्याकडून रोज चाळीस घरी कपडे जातात," त्या म्हणाल्या. "तुम्ही चिठ्ठ्या लिहा. पोचवायचं आमच्याकडे लागलं."

दुपारी सिस्टर वही घेऊन बसल्या. एका पानाच्या आठ चिठ्ठ्या. 'आपल्या गल्लीतला दवाखाना बंद होणार आहे. नको असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंत नगरपालिकेत लिहून द्या.' चिठ्ठ्यांची गुंडाळी व्हायची, म्हणून काकू त्यांच्यावरून मला अलगद फिरवायच्या. मग एकेक चिठ्ठी शर्टाच्या खिशात. साड्यांना खिसे नसतात, तिथं टाचणी.

दोन दिवस आम्ही वाट पाहिली. साडीवाल्या दोघीतिघी येऊन चौकशी करून गेल्या. पुरुषमंडळींकडून काहीच नाही. तिसऱ्या दिवशी तेच शर्ट धुऊन परत आले आणि प्रत्येक खिशात कागदाचा लगदा! मित्रांनो, तेव्हा मला कळलं की माणसं शर्ट घालतात, पण खिसे बघत नाहीत. वर एका गिऱ्हाइकानं सुनावलं, "आमच्या कपड्यांत तुमचं राजकारण नको," आणि आपला गठ्ठा उचलून तो दुसरीकडे गेला.

काकूंचा चेहरा उतरला. काका सायकल पुसत होते. सहज बोलल्यासारखे म्हणाले, "खिशात कशाला घालतेस? बटणात अडकव. दुसऱ्या बटणात. ती काढल्याशिवाय शर्ट घालताच येणार नाही."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "इतकी वर्षं हे डोकं कुठं ठेवलं होतंत?"

झालं! चिठ्ठीला मधोमध चीर, आणि चीर बटणात. दुसऱ्याच सकाळी जिन्याखाली माणसं जमली. कुणी अर्ध्या दाढीचं, कुणी डबा हातात घेऊन. अर्ज कसा लिहायचा, हाच सगळ्यांचा प्रश्न. टेबलाच्या एका टोकाला मी चालत होते, दुसऱ्या टोकाला सिस्टर अर्ज सांगत होत्या. त्या एकच मजकूर सगळ्यांना द्यायच्या नाहीत. "तुमचं कारण तुम्ही लिहा," म्हणायच्या. मग कुणी आईची साखर लिहिली, कुणी बाळाची लस, तर एका आजोबांनी लिहिलं, 'तिथल्या बाकावर दोन माणसं भेटतात, म्हणून माझं बीपी ताब्यात आहे.'

मंगळवारी नगरसेवकांचे कपडे आले.

"यांच्यातही घालायची?" काकांनी हळूच विचारलं.

"का? त्यांच्या शर्टाला बटणं नाहीत?"

नगरसेवक दुसऱ्या दिवशी स्वतः आले, चिठ्ठी हातात घेऊन.

"हे कुणी लावलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना लावली, साहेब. तुम्हालाच वगळलं असतं, तर बरं दिसलं नसतं."

साहेबांनी टेबलावरचे अर्ज उचलले. उभ्याउभ्याच वाचत राहिले, आजोबांच्या बाकापाशी हसलेही. मग म्हणाले, "मी पार्किंगला होकार दिला होता. मला वाटलं, कुणाची हरकत नाही."

"कुणाला माहीतच नव्हतं, साहेब."

गुरुवारी संध्याकाळपर्यंत चारशे बारा अर्ज गेले. पुढे सुनावणी झाली, तेव्हा सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत, असं काकूंनी मला दुसऱ्या दिवशी राख झाडताना सांगितलं. साहेब स्वतः उठून दवाखान्याच्या बाजूनं बोलले. दवाखाना वाचला. दुपारची वेळ मात्र कमी केली गेली. ती परत मिळावी म्हणून चिठ्ठ्या अजून चालू आहेत.

पुढे काकूंकडे विजेची इस्त्री आली आणि मी फळीवर गेले. वर्षभर धूळ खाल्ली, तळाला गंज चढला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस सिस्टर सांगत आल्या, की वाऱ्यानं दवाखान्याचं दार सारखं लागतं आणि माणसं बंद समजून परत जातात. काकूंनी मला घासलं, तेल लावलं आणि दोन्ही हातांनी उचलून तिथं नेलं.

तेव्हापासून त्या दाराला मी टेकून बसते आणि दार उघडं राहतं. मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा हात लावा. आणि गल्लीतला दवाखाना, वाचनालय, मैदान यांच्याकडेही लक्ष ठेवा. वापर थांबला की त्यांनाही गंज चढतो, आणि त्यांची नोटीस नेहमी कपाटाच्या मागेच लागते. तेवढं कपाट सरकवून बघत जा.