उत्तरेकडचं ऊन

धाकटी काय काम करते हे लोकांना समजावून सांगायचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. तिचा दादा घरांचे नकाशे काढायचा आणि त्या नकाशांवरून ती अजून न बांधलेल्या घरांची संगणकावर चित्रं करायची, अशी हुबेहूब की बघणाऱ्याला चपला बाहेर काढून आत जावंसं वाटावं. शेजारणी विचारायच्या, "म्हणजे तू फोटो काढतेस का?" फोटो म्हणावा तर घरच नाही, आणि चित्र म्हणावं तर हातात कुंचला नाही. शेवटी तिने सरळ "हो" म्हणायला सुरुवात केली.

दादाने नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं आणि पहिलं गिऱ्हाईक घरातलंच निघालं. आईची जुनी मैत्रीण, म्हणजे या दोघांची मावशी.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. गावाच्या टोकाला तिचा एक लहानसा प्लॉट वर्षानुवर्षं पडून होता. तिथे एक बैठं घर बांधावं, दार उघडलं की पायाखाली जमीन असावी, एवढंच तिचं मागणं. अडून बसले होते ते मावशीचे यजमान, म्हणजे काका. त्यांचा जन्म सिटी बस चालवण्यात गेला होता, म्हणून सगळे त्यांना पायलट म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी खिडकीतल्या उन्हात खुर्ची टाकायची, पेपर उघडायचा आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची, हा त्यांचा एकमेव मार्ग उरला होता आणि त्यावर ते अजून वेळेवर धावत होते.

"हे ऊन सोडून मी कुठेही यायचा नाही," ते म्हणाले. "तुला जायचं तर जा."

मावशी दादाला नाही, धाकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना नकाशातलं ओ की ठो कळत नाही. तू चित्र करून दाखव बाई. माझे गुडघे आता तुझ्या हातात आहेत."

असं कोणी म्हटल्यावर माणूस स्वतःला कामाला जुंपून घेणारच. धाकटीने आधी बघायचं कुठून ते ठरवलं. अंगणातून पुढच्या व्हरांड्याकडे, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, कारण काका बसलेलेच असणार. मग सगळं घर करड्या रंगात उभं केलं. मग लागली प्रकाशाच्या मागे. संगणकात आकाशाचा एक गोल फोटो घराभोवती गुंडाळायचा असतो. तो फिरवला की सूर्य फिरतो. तिने तो फिरवत नेला, नेला, आणि एका जागी उन्हाचा असा झकास तिरका पट्टा व्हरांड्यात उतरला की तिने हात जोडले आणि तिथेच थांबली. नकाशाच्या कोपऱ्यात दिशेचा बाण होता. त्याच्याकडे बघायचं तिच्या मनातही आलं नाही. ह्या धंद्यात निम्मे सूर्य असेच सोयीने उगवतात.

मग सामानसुमान. लाद्या फारच कोऱ्या दिसत होत्या, त्यांना थोडे ओरखडे दिले. नळाखाली ओलीचा डाग दिला. लाकडी कठड्याला हात लागून लागून येते तशी चकाकी दिली. खुर्चीवरची गादी एका बाजूने विटवली. खऱ्या घरात ज्यावरून बायका कटकट करतात ते सगळं चित्रात घातलं की चित्र खरं दिसतं, हा तिचा अनुभव.

काकांनी चित्र हातात धरलं. मग त्या उन्हाच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "माझी खुर्ची इथे." मावशीने संध्याकाळी फोन केला तेव्हा ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. धाकटी त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

तिला खाली आणलं दादाने. तो प्लॉटवर आखणी करून परत आला, चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "सूर्य कुठून आलाय हा?"

"समोरून. का?"

दादाने नकाशा आणून पडद्याशेजारी धरला. "हा सूर्य आणि हा जयद्रथ! समोर उत्तर आहे, बाईसाहेब. पूर्वेला शेजाऱ्यांची चार मजली इमारत. त्या व्हरांड्यात सकाळचं ऊन यायचं तर सूर्याला रजा काढून वळसा घालून यावं लागेल."

धाकटीने नकाशा हातात घेऊन उलटसुलट फिरवला. "घर फिरवता नाही येणार?"

"रस्ता एकाच बाजूला आहे. फिरवून तोंड कुठे करू, शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे?" दादा खाली बसला. मग हळूच म्हणाला, "आता हो म्हणालेत. घर उभं राहीपर्यंत कोणाला कळणार आहे?" म्हणाला खरा, पण म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"काका रोज सकाळी तिथे येऊन बसतील, दादा. आणि रोज सकाळी माझी आठवण काढतील. चांगल्या शब्दांत नाही काढणार."

तिने खरा सूर्य लावला. जागा, महिना, वेळ सगळं भरलं आणि दिवसभराचं ऊन डोळ्यांसमोरून पळवलं. व्हरांडा सावलीत तो सावलीतच. फक्त गेटच्या कोपऱ्यात रस्त्यावरून तिरपं ऊन येत होतं, सकाळचं, बऱ्यापैकी. ते काही चित्रात मावत नव्हतं. मग तिने सावलीचंच चित्र करायला घेतलं. अंगणाच्या भिंतीला पांढरा रंग दिला, तिच्यावरून मऊ उजेड परतून आत येईल असा. छताला लाकूड दिलं. चित्र वाईट नव्हतं, पण घर कोणाची तरी वाट बघत बसल्यासारखं वाटत होतं. माणूस हवं होतं. अशा वेळी तिच्याकडे तयार माणसांचा साठा असे, सगळी सडपातळ, सगळी विनाकारण हसणारी. त्यांच्याकडे बघून तिला रागच आला. तिने आईच्या फोनमधला मावशीचा एक फोटो घेतला, नीट कापला आणि मावशीला अंगणात झाडांपाशी उभं केलं. हातात पाण्याचा पाइप दिला. पायाखाली पुसट सावली दिली.

ते चित्र घेऊन तीन मजले चढताना मावशी हे कशी चढत असेल, हाच विचार तिच्या डोक्यात होता. वर पोचल्यावर तिने काकांच्या खुर्चीसमोर उभं राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. ऊन खोटं आहे. चूक माझी आहे. व्हरांड्यात कधीच ऊन येणार नाही.

मावशीचा चेहरा उतरला. ती दाराला टेकून उभी राहिली. भांडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "खरं ऊन मग कुठे येतं?"

"गेटपाशी. तेवढंच."

काकांनी नवं चित्र घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं, चष्मा पुसून पुन्हा धरलं. "ही कोण?"

"मावशी."

"ते दिसतंय मला. पण ही बाहेर उभी आहे." ते मान वर करून मावशीकडे बघत राहिले. "तू शेवटची खाली कधी उतरलीस गं?"

"डोळे तपासायला गेलो होतो तेव्हा," मावशी म्हणाली. "थंडी होती."

आता पंखा लावायचे दिवस होते. खिडकीतलं ऊन काकांच्या गुडघ्यांवरून सरकून जमिनीवर गेलं, पण त्यांनी खुर्ची हलवली नाही.

"बांधा," ते म्हणाले. "उन्हाचं काय, त्याच्याकडे मी चालत जाईन. माझे पाय अजून शाबूत आहेत."

मावशी पुढे आली, त्यांच्या हातातलं चित्र ओढून घेतलं आणि नाक ओढत इकडून तिकडून निरखलं. "मला पाणी घालायला लावलंय. आणि अहो, ह्यात तुम्ही कुठे आहात?"

"मी गेटपाशी आहे, उन्हात," काका म्हणाले. "ह्या पोरीला दिसलो नाही."

घरी आल्यावर धाकटीने संगणकातला कॅमेरा मागे घेतला, गेट चित्रात येईपर्यंत.