आळस पळवणारा चुंबकपट्टा

चुंबक कमरेला बांधला की आळस शरीर सोडून जातो, हे विज्ञानाने सिद्ध झालं आहे. निदान त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात तरी झालं होतं, आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

"आळस म्हणजे काय?" मंचावरून ऊर्जागुरू गरजले. "रक्तात झोपी गेलेलं लोह! पट्टा त्याला गदागदा हलवून उठवतो! पुरावा हवा? पट्टा घेताना तुम्हाला विचारलं होतं, व्यायाम किती करता? सगळे म्हणालात, कुठला व्यायाम! आता सांगा, दम लागेपर्यंत रोज व्यायाम कोण करतं?"

हातांचं रान उगवलं. पहिल्या रांगेत अप्पांचाही हात होता.

मागे त्यांची मुलगी बसली होती. ती फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले गुडघे दुमडण्यात तिचा जन्म चाललेला. अप्पांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. "एवढा व्यायाम होतोय, आता गोळ्या कशाला?" हे त्यांनी तिला आरामखुर्चीत पडल्यापडल्या सुनावलं होतं.

ती उठली. "मीही एक विचारू?"

"विचारा ना ताई! शंका हीसुद्धा ऊर्जाच!"

तिने माइक घेतला आणि गुरूंइतकंच गोड हसून विचारलं, "पट्टा बांधल्यापासून त्रिकोणी मंडूकचाल कोणाकोणाची सुधारली? लाजू नका."

एक हात वर गेला. त्याच्याकडे बघून दुसरा. मग अर्धं सभागृह.

"आमच्या ह्यांना तर आता आवरावं लागतं!" एक काकू म्हणाल्या.

अप्पांचा हात होताच.

"असा व्यायामच नाही," ती म्हणाली. "नाव मी आत्ता खुर्चीत बसून जुळवलं."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

"नकारात्मक ध्रुव!" गुरू ओरडले. "माइक काढून घ्या!"

"घ्या. माझा आवाज पुरेसा आहे. पट्टा घ्यायला आलेला माणूस आपण किती आळशी तेच सांगणार. आणि घेतल्यावर, चारचौघांत, तुमच्या तोंडावर, 'काही उपयोग नाही' कोण म्हणेल? पट्ट्याने काही केलं नाही. बदललं ते फक्त उत्तर."

"म्हणजे आम्ही खोटारडे?" अप्पा भडकले.

"नाही हो अप्पा. घाम गाळलेला एक दिवस लक्षात राहतो, लोळण्यात गेलेला आठवडा आपण विसरतो. सगळ्यांचंच असं होतं. माझ्याकडे येणारेही 'रोज करतो' म्हणतात. खरं काय ते गुडघा सांगतो. म्हणून म्हणते, कोणी 'सिद्ध झालं' म्हणालं की आधी विचारा, मोजलं की नुसतं विचारलं? पावलं मोजणाऱ्या यंत्राला कोणाची भीड पडत नाही. आणि ह्यालाही नाही."

पहिल्या रांगेपाशी येऊन तिने पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. "तो वर केलेला हात द्या इकडे."

"घरी बघू."

"इथेच. हात इथेच वर केलात ना?"

अप्पांनी हात पुढे केला. यंत्र घुरघुरलं, थांबलं. आकडा त्यांनी चष्मा लावून वाचला, मग पुसून पुन्हा वाचला. पट्ट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"गोळी आणली आहेस का?" ते हळूच म्हणाले.

आणली होती.

सभा मोडली. जिना मोकळाच होता. एक मजला उतरण्यासाठी सगळे लिफ्टसमोर रांगेत उभे राहिले. सर्वांत पुढे ऊर्जागुरू होते.