छपराचं काम

नवरात्र बसलं आणि पाऊस एकदाचा थांबला. चेणे गावातल्या घराच्या अंगणात गवत कमरेला लागत होतं, कुंपणाची तार लोळत होती आणि स्वयंपाकघराचं छप्पर पावसाळाभर गळून ओट्यावर हिरवा डाग पडला होता. ईश्वर सकपाळांना मात्र हुरूप आला. वर्षभर ते याच दिवसांची वाट बघायचे.

"आधी गवत, मग तार, मग पत्रे," सकाळी चहा घेताना त्यांनी जाहीर केलं. "दिवाळीला स्वप्नाली पुण्याहून आली की अंगणातच जेवायचं. चूल मांडून."

"तुम्ही मांडा चूल. मी बसून खाणार," अनसूयाबाई म्हणाल्या.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर ईश्वरनी परळची खोली विकून हे घर घेतलं, तेव्हा त्या महिनाभर नवऱ्याशी धड बोलल्या नव्हत्या. मागे जंगल. रात्री कुत्री एकदम गप्प झाली की बिबट्या आलाय असं समजायचं. दुधाची पिशवी आणायची तरी हायवेपर्यंत चाला. पण गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः लावलेल्या पावट्याला शेंगा लागल्या आणि मग परळचं नाव त्यांच्या तोंडून निघेनासं झालं.

गवत झालं, तार झाली. पत्र्यांसाठी माणूस बोलवा, असं अनसूयाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं.

"दोन पत्र्यांसाठी माणूस कशाला? बोल्टच्या रेषेत पाय ठेवायचा. खाली पाइप असतो, काही होत नाही," म्हणत ईश्वर शिडी चढले.

अनसूयाबाई आत उपमा परतत होत्या. डोक्यावर पावलं वाजत होती, मधूनच हातोडी. त्यांनी झाकण ठेवलं आणि वर तोंड करून हाक मारली, "अहो, या आता खाली. थंड होतंय."

"आलो, आलो."

आणि कडाड्कन आवाज झाला. सिमेंटचा जुना पत्रा फुटला आणि त्याच्या तुकड्यांसकट ईश्वर त्यांच्या डोळ्यांदेखत ओट्याच्या कडेवर पाठ आपटून खाली पडले. स्वयंपाकघरात लख्ख ऊन आणि धूळच धूळ. ईश्वरचे डोळे उघडे होते. ते ओरडलेही नाहीत.

"अनू," ते हळूच म्हणाले, "माझे पाय कुठायत?"

पाय तिथेच होते. एकाची चप्पलसुद्धा निघाली नव्हती.

शेजारचे दाजी पाटील आवाज ऐकून धावत आले. त्यांनी पुतण्याला टेम्पो काढायला पिटाळलं आणि न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून उपटलं. "वयनी, उचलू नका. याच्यावर घेऊ," म्हणाले. जमलेल्या चौघांनी ईश्वरना त्या दारावर सरकवलं. टेम्पोत अनसूयाबाई त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसल्या. वरसाव्याच्या पुलाआधी गाड्या जागच्या हलेनात. दाजी खाली उतरून ट्रकांमधून पुढे पळत होते, "पेशंट है, भाई, साइड दो!" असं बोंबलत होते. ट्रकवाले तरी कुठे सरकणार? दर धक्क्याला ईश्वरचे ओठ पांढरे पडायचे आणि अनसूयाबाईंना वाटायचं, आता गेले.

ते वाचले. कण्याला मार होता. कमरेखाली आता बळ परत येणार नाही, असं डॉक्टरांनी पुण्याहून आलेल्या लेकीला, स्वप्नालीला, बाहेर बोलावून सांगितलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावरूनच अनसूयाबाईंना कळलं. दिवाळी हॉस्पिटलमध्ये गेली.

एका दुपारी दोघंच असताना त्यांनी विचारलं, "मी हाक मारली म्हणून तुम्ही घाई केलीत का हो?"

"कसली हाक?" ईश्वर छताकडे बघत म्हणाले. "मला ऐकूच आली नाही."

त्यांचं "आलो, आलो" अनसूयाबाईंच्या कानात होतं. त्या मोसंबं सोलत राहिल्या.

घरी आणायच्या आधी घर बदलायला लागलं. दाजींनी गवंडी आणून पायऱ्यांवर उतार बांधून घेतला. तो पहिल्यांदा इतका उभा झाला की रिकामी व्हीलचेअरसुद्धा धाडकन अंगणात गेली. फोडून पुन्हा बांधला. न्हाणीघराचं दार रुंद केलं, कॉटजवळ धरायला दांडा बसवला. अंगणात चूल मांडायची होती तिथे रेती आणि विटा पडल्या. या सगळ्यातून वेळ काढून अनसूयाबाईंनी पावट्याचं बी टोकलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

छपराला निळी ताडपत्री होती. ईश्वर घरी आल्यावर आठवड्याने नवे पत्रे घालायला दोन माणसं आली. ईश्वर इतके दिवस खोलीबाहेर आले नव्हते. त्या दिवशी आपणहून म्हणाले, "मला बाहेर ने. काम नीट करतात का बघू दे."

अनसूयाबाईंना आनंद झाला. त्यांनी खुर्ची सावलीत लावली, मांडीवर चादर टाकली. ईश्वर वर बघत होते. एक पोरगेला कामगार जुन्या पत्र्यावरून भराभर चालत पलीकडे निघाला.

"बोल्टवर!" ईश्वर किंचाळले. "बोल्ट पे पाँव रख! बीच में नहीं! अरे, उतर! नीचे उतर!"

कामगार दचकून जागीच थांबला. "कुछ नहीं होता, अंकल," तो हसून म्हणाला आणि पाय उचलला.

ईश्वरनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. उठायलाच निघाले होते ते. धड पुढे गेलं, पाय राहिले, आणि ते तोंडावर मुरमात पडले. दाजी धावले. उताणं केलं तेव्हा कपाळ सोललं होतं आणि ईश्वर लहान मुलासारखे हुंदके देत होते. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, पण अनसूयाबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वरची दोन्ही माणसं शिडीवरून गुपचूप खाली आली.

संध्याकाळी कपाळ पुसून घेताना ईश्वर म्हणाले, "मला इथे राहायचं नाही."

"पत्रे होऊ देत. मग—"

"नको. अनू, मला ने इथून. तुला कुठे यायचं होतं इथे?"

आता मला इथंच राहायचंय, हे अनसूयाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला. "बरं," म्हणाल्या. "स्वप्नालीला फोन करते."

मार्गशीर्षात भाईंदरला लिफ्टच्या इमारतीत भाड्याची जागा मिळाली. निघायच्या दिवशी दाजी कुंपणापाशी आले. पावट्याला नुकती फुलं धरली होती.

"शेंगांचं काय करायचं, वयनी?"

"तुम्ही न्या. पाणी मात्र घाला."

"घालतो. येऊन-जाऊन असा."

गाडीत ईश्वरना आडवं केलं होतं. "कुलूप लावलंस?" त्यांनी विचारलं.

"लावलं."

त्यांनी डोळे मिटले ते हायवे लागेपर्यंत उघडले नाहीत. अनसूयाबाई मागच्या काचेतून बघत होत्या. घर झाडांआड गेलं, तरी त्या बघतच राहिल्या.