डावा कान आणि लाल पातेली

"बाई गं, तुझा डावा कान हलतोय. कुणाच्या तरी लक्षात येऊ दे," असं झाऱ्याने मला सांगितलं, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. "तुझी जाळी आधी सांभाळ," असं वर ऐकवलंही. त्याचं मी ऐकलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मित्रांनो, मी एक जुनी, जाड बुडाची, दोन कानांची पातेली आहे. एका मोठ्या कारखान्यात पोलादाच्या गोल पत्र्यावर धाडकन दाब पडला आणि मला पोट आलं. मग दोन्ही बाजूंना रिव्हेट ठोकून मला कान बसवले. बंदराजवळच्या दुकानात मी मांडलेली असताना बोटीवरच्या एका आचाऱ्याने मला बोटांनी टण्‌ करून वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "ही चालेल." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

बोटीवर शेगडीला लोखंडी कठडा असे. वादळात सगळी भांडी घरंगळत, पण मी कठड्यात घट्ट. माझ्यात शिजे ते एकच, कोळंबी आणि माकुळ, म्हणजे स्क्विड, यांचं नूडल्स सूप. कोळंबीची डोकी आणि सालं आधी थोड्या तेलात लालभडक होईपर्यंत परतायची, आलं-लसूण ठेचून घालायचं, पाणी ओतून उकळायचं आणि गाळून घ्यायचं. मग शिंपल्या टाकायच्या, त्यांनी तोंडं उघडली की कोळंबी, आणि माकुळाच्या चकत्या अगदी शेवटी. नूडल्स मात्र वेगळ्या उकडायच्या, नाहीतर त्या सगळा रस्सा पिऊन बसतात. थकलेले खलाशी वाडगे चाटून पुसून ठेवत. मी धन्य होई.

आचारी निवृत्त झाला आणि मला घेऊन घरी आला. त्याचा मुलगा मोठा झाला, लग्न झालं, सून आली, चिमणी नावाची रांगती नात आली. आचाऱ्याला सगळे आजोबा म्हणू लागले. आणि एक दिवस घरात ती आली.

ती म्हणजे लाल पातेली. बाहेरून चकचकीत, वर काचेचं झाकण. आत काय शिजतंय ते सगळ्या जगाला दिसतंय! मला तर बाई बघवेना. पण घरातले सगळे वाकून वाकून बघत. आजोबांचा मुलगा एकदा सुनेच्या हातचं सूप पिऊन म्हणाला, "बाबांच्यापेक्षा भारी जमलंय हं!" आजोबा "हो, हो" म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांनी दुसरा वाडगा घेतला नाही. मी तेव्हा ओट्याखाली होते. माझ्यात कांदे-बटाटे भरले होते. कोळंबीचा वास वरून येत होता आणि मी आतल्या आत धुमसत होते.

त्याच महिन्यात माझा डावा कान हलायला लागला. मी गप्प राहिले. किर्र आवाज झाला की मला भंगारात टाकतील आणि लाल भवानीचं राज्य कायमचं होईल, या भीतीने मी तो कान अंगाशी घट्ट धरून ठेवत असे. आजोबाही काहीतरी लपवत होते, हे मला ओट्याखालून दिसे. त्यांच्या हातून आठवड्यात दोनदा कप निसटला. दोन्ही वेळा त्यांनी इकडेतिकडे बघून तो पटकन उचलला.

मग तो रविवार उजाडला. सून म्हणाली, "बाबा, आज सूप तुमच्या हातचं. लाल पातेली काढून देऊ?"

"नको. माझी काढ."

कांदे-बटाटे परातीत ओतले गेले. मी शेगडीवर चढले. काय सांगू मित्रांनो, लाल पातेली फळीवर रिकामी बसलेली बघून मला किती बरं वाटलं! सालं तडतडली, रस्सा रटरटला, शिंपल्यांनी तोंडं उघडली. झाऱ्याने पुन्हा बजावलं, "अगं, कान!" मी लक्षच दिलं नाही.

"बाबा, मी उतरवते. जड आहे," सून म्हणाली. तिची एक नजर नेहमी खाली असे, चिमणी कुठे आहे ते बघत.

"राहू दे गं. वादळात उतरवलीय ही. तू कोथिंबीर चिर."

आजोबांनी दोन फडकी घेऊन माझे कान धरले. डाव्या हातातलं फडकं सरकलं. माझ्या तापलेल्या कानावर त्यांची उघडी बोटं टेकली, आणि ते "स्स" सुद्धा म्हणाले नाहीत. मी चरकले. एवढा चटका, आणि या माणसाला कळत नाही?

तेवढ्यात चिमणी रांगत थेट आजोबांच्या पायाशी आली. सुनेने सुरी टाकली, झेप घेतली आणि तिला काखेत उचललं. त्याच क्षणी माझा कान निखळला. उकळतं सूप खळ्ळकन सांडलं, बरोबर तिथे, जिथे क्षणापूर्वी चिमणी होती.

सुनेने चिमणीला नवऱ्याकडे दिलं आणि आजोबांचा शिंतोडे उडालेला पाय नळाखाली धरला. नवरा मला बघून चिडला, "ही डबडी आजच्या आज फेकून देतो!"

"थांबा जरा," सून म्हणाली. ती आजोबांच्या हाताकडे बघत होती. बोटं लालबुंद होती, फोड येत होते. "बाबा, हे दुखत नाहीये?"

आजोबा मान खाली घालून बसले. मग हळूच म्हणाले, "दोन महिने झाले, बोटं बधिर आहेत. सांगितलं असतं, तर तुम्ही मला शेगडीजवळ उभं केलं असतं का? मग मी या घरात कशाचा उरलो?"

सुनेने त्यांचा हात पाण्याखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यांच्या मानेतली नस दबली होती. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाले. भांडी दुरुस्त करणाऱ्याने मला नवे रिव्हेट ठोकले. आता आजोबा स्टुलावर बसून हुकूम सोडतात, उतरवते सून, आणि चिमणी तोवर बाहेरच्या खोलीत असते. रस्सा माझ्यात होतो, नूडल्स लाल पातेलीत. तिच्यातलं पाणी ओतून देतात, माझ्यातला थेंबही कुणी टाकत नाही. बघा, जळायची खोड काही गेली नाही माझी! पण कान जरा जरी हलला, तर आता मी सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज करते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्यांचे कान अधूनमधून हलवून बघा. आणि तुमच्याही घरी कुणी आजोबा, कुणी आत्या, कुणी काका असे असतील, ज्यांच्या हातून हल्ली कप निसटतो. आज त्यांच्याजवळ बसा. त्यांचा हात हातात घ्या, एकेक बोट दाबून विचारा, "इथे कळतंय का?" ते म्हणतील, "काही नाही रे, ठीक आहे." तेवढ्यावर हात सोडू नका.